चार पत्रांचं उत्तर अजून बाकी आहे
क्वीन्सलंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, आपल्या याच राज्याच्या नैर्ऋत्य भागातल्या एका तरुणाने सरकारदरबारी चार पत्रं लिहिली. त्या भागातल्या छोट्या गावांना जोडणारी विमानसेवा त्याला सुरू करायची होती. लढाऊ विमान चालवण्याचा अनुभव त्याच्यापाशी होता. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. पुढची सत्तेचाळीस वर्षं तो माणूस जगला, पण विमानाची दांडी त्याच्या हातात पुन्हा कधी आली नाही.

त्यांचं नाव लेन वॉटर्स. लेनर्ड व्हिक्टर वॉटर्स. दुसऱ्या महायुद्धातला ऑस्ट्रेलियाचा एकमेव आदिवासी लढाऊ वैमानिक म्हणून त्यांची नोंद आहे. आपल्यातले कितीतरी जण इथे राहून दहा-पंधरा वर्षं झाली, मुलं इथल्याच शाळांत शिकली, तरी हे नाव आपल्या बोलण्यात येत नाही. ते यावं, आणि त्या चार पत्रांसाठी आपण मराठी माणसांनी काहीतरी करावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्यांची हकीकत सांगतो.

लेन यांचा जन्म २० जून १९२४ चा. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला, बूमी गावाजवळच्या युराबा नावाच्या आदिवासी मिशनवर. ते कमिलरॉय या आदिवासी समाजातले. पुढे कुटुंब सीमा ओलांडून क्वीन्सलंडमध्ये, सेंट जॉर्जच्या दक्षिणेला निंडिगलीला आलं. शाळा सातवीपर्यंत. मग वडिलांच्या हाताखाली काम. ते काम काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं. मेंढ्यांना आणि गुरांना कुरण मोकळं करायचं म्हणून जंगलातल्या झाडांच्या खोडाभोवतीची साल कुऱ्हाडीने गोल सोलून काढायची, म्हणजे झाड उभ्या उभ्या वाळतं. रणरणत्या उन्हात दिवसभर हेच. ज्या जमिनीवर आपले पूर्वज पिढ्यान् पिढ्या राहिले, तीच जमीन दुसऱ्याच्या शेतीसाठी साफ करून द्यायची, तीही तुटपुंज्या मजुरीवर. पुढे मेंढ्यांची लोकर कातरण्याचं काम हाती आलं. अशा दिवसांत या पोराच्या डोक्यात चार्ल्स किंग्जफोर्ड स्मिथ, लिंडबर्ग आणि अमेलिया इअरहार्ट हे त्या काळचे नामांकित वैमानिक घर करून बसले होते.

सैन्यात जाणं सोपं नव्हतं. १९४० मध्ये अधिकृत धोरण असं होतं की आदिवासींना आणि युरोपीय वंशाच्या नसलेल्यांना भरती करणं गरजेचंही नाही आणि इष्टही नाही. हे वाक्य वाचताना एक ध्यानात घ्या, की त्यातल्या 'युरोपीय वंशाचे नसलेले' यात तुम्ही-आम्हीही मोडतो. १९०१ च्या ज्या इमिग्रेशन कायद्याने आपल्या आजोबा-पणजोबांना या देशाचा दरवाजा बंद केला होता, त्याच विचारातून हेही आलं होतं. मग जपान युद्धात उतरला, १९ फेब्रुवारी १९४२ ला डार्विनवर बॉम्ब पडले, आणि माणसं कमी पडू लागली तसे नियम सैल झाले. हवाई दल तर आधीपासूनच भूदलापेक्षा थोडं मोकळं होतं. २४ ऑगस्ट १९४२ ला, अठरा वर्षांचे असताना, लेन हवाई दलात दाखल झाले. जमिनीवरचे मेकॅनिक म्हणून.

तिथून त्यांनी उड्डाणासाठी अर्ज केला आणि निवडही झाली. वैमानिकाचं शिक्षण म्हणजे नुसतं धाडस नव्हे. गणित, दिशाशोधन, हवामान, मोर्स, सगळं आलं. बरोबरीची बरीच मुलं हायस्कूल-कॉलेज केलेली, आणि हा सातवी शिकून कुऱ्हाड चालवलेला मुलगा. नॅरँडेराला टायगर मॉथवर पहिले धडे, युरानक्विन्टीला विरावे विमानावर पुढचं शिक्षण, आणि १९४४ च्या मध्यात छातीवर वैमानिकाचे पंख. मग मिल्डुराला किटीहॉक या लढाऊ विमानाचं प्रशिक्षण. नोव्हेंबर १९४४ मध्ये न्यू गिनीच्या डच हद्दीतल्या नोएम्फूर बेटावर ७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते रुजू झाले.

तिथे त्यांच्या वाट्याला जे विमान आलं, त्याच्या नाकावर आधीच्या वैमानिकाने 'ब्लॅक मॅजिक' असं रंगवून ठेवलं होतं. निव्वळ योगायोग. लेन यांनी ते नाव तसंच राहू दिलं. नोएम्फूर, मोरोताई, ताराकान, बोर्निओ असं करत युद्ध संपेपर्यंत त्यांनी ९५ मोहिमा केल्या. बहुतेक मोहिमा जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करायच्या, म्हणजे खाली उतरून तोफांच्या तोंडासमोरून जायचं. एकदा ३७ मिलिमीटरचा एक गोळा विमानात घुसला आणि त्यांच्या पाठीमागे न फुटता अडकून राहिला. तो तसाच पाठीशी घेऊन ते परत आले आणि विमान अलगद धावपट्टीवर टेकवलं. धक्का बसला असता तर विमानही राहिलं नसतं आणि वैमानिकही.

युद्ध संपलं तेव्हा ते वॉरंट ऑफिसर होते. काही मोहिमांमध्ये त्यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्याचे लोकही त्यांच्या मागे उडत. हवाई दलात कातडीच्या रंगावरून आपल्याला वेगळं वागवलं गेलं नाही, असं ते पुढे सांगत. हे मुद्दाम नोंदवतो, कारण ही हकीकत सरसकट अन्यायाची म्हणून सांगितली तर ती खोटी होईल. त्या बेटांवर एका तंबूत राहणारी, एकमेकांच्या भरवशावर उडणारी ती माणसं खरीच एकमेकांची होती. अंगावरचा गणवेश उतरला, आणि मग ते संपलं.

१८ जानेवारी १९४६ ला लेन नोकरीतून मुक्त झाले. पुढच्याच महिन्यात लग्न झालं. आणि मग विमानसेवेचं ते स्वप्न.

इथे जरा थांबून क्वीन्सलंडच्या त्या पट्ट्याकडे बघू या. ब्रिस्बेनहून सेंट जॉर्ज साधारण ५०० किलोमीटर, तिथून कनामला आणखी जवळपास ३०० किलोमीटर. मधल्या भागात काळी माती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, की पाऊस पडला की त्या मातीत चाक फिरत नाही. पूर आला की एकेक वस्ती कित्येक दिवस तुटलेली राहते. आजारी माणूस, टपाल, औषधं, यंत्राचा सुटा भाग, सगळं अडकून पडतं. त्या मुलखात वाढलेला, तिथल्या वाटा पायाखालच्या असलेला आणि विमान चालवता येणारा माणूस म्हणतो आहे की मी ही गावं हवेतून जोडतो. यापेक्षा शहाणपणाची कल्पना दुसरी कुठली असणार?

आणि ती कल्पना नवीनही नव्हती. आपण ज्या क्वांटसच्या विमानाने सिडनीहून बंगळूरला जातो, ती कंपनी याच मातीत जन्मली आहे. नावातच क्वीन्सलंड आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेले दोन वैमानिक, हडसन फिश आणि पॉल मॅकगिनेस, लाँगरीचपासून कॅथरिनपर्यंत फोर्ड गाडी रेटत गेले. रस्ते असे, की त्यांची खात्री पटली, इथे विमानाशिवाय इलाज नाही. क्लोनकरी नदीच्या पात्रात फर्गस मॅकमास्टर नावाच्या पशुपालक जमीनदाराची गाडी मोडून पडली होती. मॅकगिनेसने त्यांना मदत केली. ती ओळख पुढे कामाला आली, मॅकमास्टरनी पैसा घातला, ओळखीच्यांना घालायला लावला, आणि १६ नोव्हेंबर १९२० ला कंपनीची नोंदणी झाली. पुढे सरकारने टपालाचं कंत्राट दिलं आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये चार्लविल ते क्लोनकरी ही नियमित सेवा सुरू झाली. १९२८ मध्ये क्लोनकरीहून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली, तेव्हा विमान क्वांटसचंच होतं.

युद्धातून परतलेले वैमानिक, दूरदूरची लहान गावं, आणि त्यांना जोडायची इच्छा. लेन यांच्यापाशी यातलं सगळं होतं. नदीच्या पात्रात भेटणारा जमीनदार मात्र नव्हता. निंडिगलीच्या आदिवासी कुटुंबातल्या मुलाची ओळख जमीनदारांशी मजूर म्हणून होती, भागीदार म्हणून नव्हे. बँकेत तारण ठेवायला जमीन नव्हती. युद्धातून परतलेल्यांना शेतीसाठी जमिनी देण्याच्या सरकारी योजना होत्या, पण बहुतेक आदिवासी सैनिकांच्या वाट्याला त्या आल्याच नाहीत. क्वीन्सलंडच्या आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळायला १९६५ उजाडावं लागलं. देशासाठी ९५ वेळा तोफांसमोर गेलेल्या माणसाच्या बाजूने कुणी शब्द टाकावा अशी व्यवस्थाच नव्हती.

यावर कुणी म्हणेल की युद्धानंतर असे शेकडो वैमानिक मोकळे झाले होते. प्रत्येकाला विमान कंपनी काढायची होती. कितीतरी कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. १९४६ मध्ये सरकारनेच ट्रान्स ऑस्ट्रेलिया एअरलाइन्स उभी केली. लेन यांची योजना तपासून नाकारली गेली असती तर ते चूक ठरलं असतं असं नाही. मान्य. मीही असं म्हणत नाही की परवानगी मिळायलाच हवी होती. नकारसुद्धा एक उत्तर असतं. त्यात कारण असतं, त्यावर पुन्हा लिहिता येतं, भांडवल कमी असेल तर जमवता येतं, मार्ग बदलता येतो. इथे नकारही आला नाही. पत्र पोचलं एवढंही कुणी कळवलं नाही.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला हे आतून कळेल. आपण या देशात आलो ते कागदांवरून. स्किल असेसमेंट, इंग्रजीची परीक्षा, पोलिसांचा दाखला. अर्ज भरला की काही मिनिटांत पोचल्याची ईमेल येते, त्यावर क्रमांक असतो. व्हिसा नाकारला तर कारणं लिहून येतात आणि दाद कुठे मागायची तेही लिहिलेलं असतं. आपल्या हातातल्या कसबाची या देशाने दखल घेतली, म्हणून आज आपण इथे आहोत. ज्यांची ही भूमी, त्यांच्यातल्या एका कसबी माणसाला तेवढीही दखल मिळाली नाही. हे कळल्यावर आपल्याला गप्प कसं बसवेल, असा माझा सरळ प्रश्न आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट आणखी एका कारणाने परकी वाटू नये. लढाईत ज्यांची मनगटं चालली त्यांनाच शांततेत दाराबाहेर उभं करणं आपल्याकडेही झालं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पेन्शनर सैनिकांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. दार कायमचं उघडलं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा. तेही माणसांची गरज पडली म्हणून. डॉ. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच सैन्यातले होते. हा इतिहास ज्या घरांत रोज आठवला जातो, अशी घरं आज ब्रिस्बेन-इप्सविचमध्येही आहेत. लेन वॉटर्स यांच्याविषयी त्या घरांनी बोलावं असं मला फार वाटतं. माझ्यापेक्षा ते अधिक अधिकाराने बोलतील.

लेन यांचं पुढचं आयुष्य थोडक्यात असं. उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यांनी हाताला मिळेल ते काम केलं. गाड्यांची दुरुस्ती, सेंट जॉर्जला कौन्सिलची कामं, आणि पुन्हा मेंढ्या कातरणं. शेडमध्ये कंबर वाकवून लोकर कातरण्याचं ते काम त्यांनी पुढे वर्षानुवर्षं केलं. मुलाबाळांसाठी कुटुंब ब्रिस्बेनच्या इनालात आलं. २४ ऑगस्ट १९९३ ला कनामला इथे त्यांचं निधन झालं. दफन सेंट जॉर्जला. मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांत टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढलं, इनालात एका उद्यानाला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढे सेंट जॉर्जला स्मारकही झालं. या गोष्टी झाल्या हे चांगलंच झालं. पण तिकीट काढलं म्हणजे पत्राचं उत्तर दिलं असं होत नाही.

आता आपल्याविषयी.

आपल्या गणेशोत्सवात, दिवाळीच्या कार्यक्रमात, नाटकाच्या आधी कुणीतरी माईकवर येऊन युगेरा आणि टरबल या ब्रिस्बेन परिसरातल्या मूळ लोकांचं स्मरण करतं. अर्ध्या मिनिटात ते वाचून होतं आणि लगेच दीपप्रज्वलन. वाचणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या अर्ध्या मिनिटात एकही माणूस नसतो. नाव नाही, गाव नाही, काय काम केलं ते नाही. आपण शिवरायांविषयी मुलांना सांगतो तेव्हा तान्हाजी, बाजीप्रभू, जिवा महाला अशी नावं घेऊन सांगतो, कारण आदर नावावर बसतो. म्हणून पहिली विनंती मंडळांच्या कार्यकारिणीला: येत्या अँझॅक डेच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाच्या आसपासच्या कार्यक्रमात, २५ एप्रिलच्या आगेमागे, दहा मिनिटं लेन वॉटर्स यांच्यासाठी ठेवा. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत त्यांच्यावर एक पाठ घ्या. मराठीत. आमच्या मुलांना तानाजीचा घोरपडीचा दोर मराठीतून कळतो, तसा त्या न फुटलेल्या गोळ्याचा प्रसंगही मराठीतून कळू दे. तो याच मातीतला आहे आणि ही मुलंही याच मातीतली आहेत.

दुसरं. शाळेच्या सुट्टीत आपण सगळे गोल्ड कोस्टला नाहीतर नूसाला जातो. एखाद्या वेळी पश्चिमेला चला. सेंट जॉर्ज एका दिवसाच्या प्रवासावर आहे. वाटेत टुवूम्बा, डॅल्बी, मग सपाट मैदान. बलोन नदीकाठी कापूस आणि द्राक्षं दिसतील. लेन यांचं स्मारक पाहा. निंडिगलीला जाऊन तो मुलूख बघा. नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये बोटभर दिसणारं अंतर गाडीतून कापलं की ती विमानसेवा त्यांना का हवी होती हे मुलांना आपोआप समजेल.

तिसरं काम जरा अवघड आहे आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हवाई वाहतुकीचं काम आज ज्या केंद्रीय खात्याकडे आहे, त्या खात्याच्या मंत्र्यांनी लेन वॉटर्स यांच्या पत्रांना लेखी उत्तर द्यावं अशी मागणी आपण करावी. ऐंशी वर्षांनी का होईना, खात्याच्या लेटरहेडवर, त्यांच्या नावाने, हुद्द्यासकट. पत्र मिळाल्याची पोच, तेव्हा उत्तर दिलं नाही याची कबुली, आणि दिलगिरी. मूळ पत्रं सरकारी दप्तरात असतील तर ती शोधून कुटुंबाला दाखवावीत. याला पैसे लागत नाहीत, कायदा बदलावा लागत नाही.

हे करताना एक पथ्य पाळायचं आहे. ही मागणी आपली नाही, त्यांच्या माणसांची आहे. लेन यांचे कुटुंबीय आणि कमिलरॉय समाजातली जाणती मंडळी यांना न विचारता आपण एक ओळही सरकारला पाठवायची नाही. त्यांना हे नको असेल, किंवा वेगळ्या तऱ्हेने हवं असेल, तर त्यांचं ऐकायचं. आपल्याकडे उत्साहाच्या भरात दुसऱ्याच्या दुःखाचा कार्यक्रम करून टाकायची सवय आहे. ती इथे नको. पुढे ते असतील, आपण त्यांच्या मागे सह्या करणारे.

काही जण म्हणतील, आपण बाहेरून आलेले, या देशाच्या जुन्या भानगडीत आपण कशाला पडायचं? कर भरतो, कायदा पाळतो, पुरे आहे. मला हे पटत नाही. इथलं नागरिकत्व घेताना आपण जी शपथ घेतली तिच्यात या देशाच्या लोकांशी निष्ठा आहे, निव्वळ त्याच्या सोयींशी नाही. या देशाचे रस्ते, इस्पितळं, शाळा आपल्याला वारशात मिळाल्या. त्याच वारशात न दिलेली उत्तरंही आली आहेत. आणि खरं सांगायचं तर परक्याच्या सहीला इथे एक वेगळं वजन येतं. ज्यांचा या भांडणात काही स्वार्थ नाही असे लोक मागणी करतात, तेव्हा खात्याला ती बाजूला सारणं जड जातं.

मसुद्याचं काम मी सुरू करतो आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. आपल्यात वकील आहेत, सरकारी नोकरीत असलेले आहेत, विमान कंपन्यांत काम करणारे आहेत, त्यांनी तो तपासून द्यावा. ज्यांची मुलं हवाई दलाच्या कॅडेटमध्ये आहेत त्यांनी आपल्या तुकडीत हा विषय काढावा. ज्यांची सेंट जॉर्ज, बूमी किंवा कनामला भागात कामानिमित्त ओळख आहे, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शेतीतज्ज्ञ आहेत, त्यांनी कुटुंबापर्यंत रीतसर आणि अदबीने कसं पोचायचं ते सुचवावं. ते कळेपर्यंत सह्या गोळा करायच्या नाहीत. मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय मी लेखी मांडणार आहे. सभेने काय ठरवलं, हो असो की नाही, ते मला लेखीच कळवावं.

आपला,
एक मराठी क्वीन्सलंडकर
टुवूम्बा